रस्त्याची रात्रपाळी

मे महिन्याचा पहिला दिवस भिलाईतल्या मराठी घरात उजाडतो, तेव्हा दिनदर्शिकेच्या त्या एवढ्याशा चौकटीत दोन सण दाटीवाटीने बसलेले असतात. एक महाराष्ट्राचा. त्या राज्याच्या सीमेबाहेर दोन-तीन पिढ्या काढूनही आपण त्याचा वाढदिवस विसरत नाही. सकाळी झेंडावंदन होते, संध्याकाळी गाणी होतात, आणि कुणी ना कुणी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन येतेच. दुसरा सण कामगारांचा, आणि तो तर या गावाचा कुळाचारच म्हणायचा. पोलादासाठी जन्मलेल्या आणि पाळ्यांच्या तालावर वाढलेल्या गावात कामगार दिन कुणी कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एखादी खाकी पँट, एखादे जाड तळव्यांचे बूट आणि रात्रपाळीहून परतणाऱ्या पावलांची वाट पाहणारी एक तरी आठवण आहेच.

गेल्या काही वर्षांत या दिवसाला एक चवही लाभली. 2022 साली तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी 1 मे रोजी सगळ्यांनी बोरे-बासी खाऊन श्रमाचा मान राखावा असे आवाहन केले, आणि शेतमजुराच्या माठातले ते अन्न एकाएकी अधिकाऱ्यांच्या आणि मंत्र्यांच्या ताटात आले. शिजलेला भात पाण्यात सोडायचा. ताजा असेल तेव्हा तो बोरे, रात्र उलटली की बासी. वर मीठ, शेजारी कांदा, हिरवी मिरची, असलीच तर चेंच भाजी. कोकणातल्या पेजेची आणि देशावरच्या ताक-भाताची ही सख्खी बहीण. वैशाखाच्या वणव्यात पोटाला गारवा देणारी. सरकारी सोहळे येतात आणि जातात, बासी मात्र छत्तीसगडच्या घराघरांत होती तशीच राहते. पण त्या निमित्ताने मनात आलेला एक विचार अजून जात नाही. कष्टकऱ्याच्या अन्नाला आपण एका दिवसापुरता मान दिला. ते अन्न जो वर्षाचे बाराही महिने रस्त्याच्या कडेला उभा राहून कष्टकऱ्याच्या हातावर ठेवतो, त्याच्या मानाचे काय?

योग असा की या प्रश्नाचे उत्तरही याच तारखेला जन्माला आले आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा आणि त्यांच्या व्यवसायाला शिस्त लावणारा केंद्राचा कायदा 1 मे 2014 पासून लागू झाला. त्यामागे मोठी वाटचाल होती. 1989 साली सोदन सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर माल विकणे हाही घटनेच्या एकोणिसाव्या कलमातला व्यवसायाचा हक्क मानला, मात्र अमुकच एक जागा कायमची माझी असे म्हणण्याचा हक्क त्यात नाही, हेही त्याच श्वासात सांगितले. पुढे मुंबईच्या फेरीवाल्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि 9 सप्टेंबर 2013 च्या निकालानंतर सहा महिन्यांत संसदेचा कायदा आला. म्हणजे कामगार दिनाच्या शिदोरीत गिरणी आणि भट्टी यांच्या बरोबरीने हातगाडीही बांधलेली आहे. दरवर्षी आपण ती शिदोरी सोडतो, पण हातगाडीची पुरचुंडी उघडायची राहून जाते.

आपले गाव कागदावर आधी जन्मले आणि जमिनीवर नंतर. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्या चार वर्षांत भाताच्या शेतांवर सेक्टरांच्या सरळ रेघा उमटत गेल्या. घरे कुठे, शाळा कुठे, दवाखाना कुठे, सेक्टरचा बाजार कुठे, झाडांची रांग कुठून कुठे, सगळे आखलेले. केरळ, आंध्र, बंगाल, ओडिशा, पंजाब, विदर्भ अशा दिशा-दिशांहून आलेल्या माणसांना त्या रेघांनी आसरा दिला, हे ऋण मोठे आहे. पण नकाशा काढणाऱ्या त्या थोर हातांकडून एक गोष्ट राहून गेली. ठेल्याची जागा कुणी काढलीच नाही. पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर येणाऱ्या माणसाला घरी पोहोचण्याआधी घोटभर चहा लागतो, दोन आलूगुंडे लागतात, महिनाअखेरीस उधारीवर कुणी देणाराही लागतो, हे नकाशाला ठाऊक नव्हते. ठेलेवाल्याला ठाऊक होते. तो आला आणि रेघेच्या बाहेर उभा राहिला. आजही तो तिथेच, रेघेच्या बाहेर, उभा आहे.

या गावाला लघुभारत म्हणतात ते भाषणापुरते नव्हे, याची साक्ष हेच ठेले देतात. शेजाऱ्याच्या घरात पाऊल टाकण्याआधी त्याची चव आपल्याला रस्त्यावर भेटली. आपल्यातल्या किती जणांनी पहिली इडली एखाद्या आंध्रच्या अण्णाच्या सायकलीवरच्या डब्यातून खाल्ली, पहिला गुपचुप चौकातल्या खोमच्यावर ओठांशी नेला! नागपुरी तर्रीची आठवण येणाऱ्याला इथले पोहे-जिलेबी जवळचे वाटले, आणि हळूहळू जिलेबीवाचून पोहे अपुरे वाटू लागले. सुपेल्याचा रविवारचा बाजार, पॉवर हाउसची गर्दी, सिव्हिक सेंटरची संध्याकाळ यांतून हे खाणे वगळले, तर उरतात फक्त इमारती.

आता त्या ठेल्यांच्या शेजारी एक नवे वाहन येऊन उभे राहू लागले आहे. छोट्या मालमोटारीच्या पाठीवर बांधलेले स्वयंपाकघर, एका बाजूला उघडणारी खिडकी, रंगीत दिव्यांची माळ. आपण त्याला फूड ट्रक म्हणतो. कुणा निवृत्त कामगाराच्या मुलाने भविष्य निर्वाह निधीची रक्कम त्यात घातलेली असते, कुणी बँकेचे कर्ज काढलेले असते, कुठे नवरा-बायको दोघे मिळून रात्री अकरापर्यंत मोमो आणि नूडल्स वाढत असतात. जुनवानीकडच्या महाविद्यालयांच्या वाटेवर, शिकवण्यांहून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या घोळक्यात त्या गाड्यांना गिऱ्हाईक कमी नाही. कारखान्यात नोकरी मिळणे पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही. बापाने जिथे पोलाद ओतले तिथे मुलगा पत्र्याच्या गाडीत कढई चढवतो आहे. हा बदल आपण आदराने पाहायला हवा. कारखान्याच्या पुढची जी उपजीविका हे गाव स्वतःच्या हाताने शोधते आहे, त्यातली ही एक.

आणि इथेच कर्तव्याची गोष्ट येते. कारण ही गाडी उभी राहते तेव्हा तिला नेमके काय म्हणायचे, हे आपण अजून ठरवलेले नाही. परिवहन कार्यालयाच्या लेखी ते वाहन आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे त्याच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करता येत नाही. अन्न सुरक्षा खात्याच्या लेखी ते स्वयंपाकघर आहे, त्याची नोंदणी हवी. वाहतूक पोलिसाला ते रस्त्यात थांबलेली गाडी दिसते आणि पालिकेला अतिक्रमण. 2014 च्या कायद्यात फिरत्या विक्रेत्यासाठी जागा आहे खरी, पण त्या प्रमाणपत्राची अट अशी की विक्रेत्याने स्वतः किंवा कुटुंबातल्या माणसाने धंदा चालवावा, त्याला उपजीविकेचे दुसरे साधन नसावे आणि प्रमाणपत्र भाड्याने देता येऊ नये. लाखांची गाडी आणि दोन पगारी पोरे असलेला माणूस यात बसतो का? आपल्याला वाटते, जो स्वतः त्या खिडकीत उभा राहून तव्यापाशी घाम गाळतो त्याला या कायद्याची सावली मिळावी, गाडी मोठी आहे म्हणून ती नाकारू नये. आणि जो पाच गाड्या फिरवून घरी बसतो, त्याने व्यापारी परवाना घ्यावा आणि शुल्कही त्या मानाने द्यावे. श्रम कोण करतो, हीच कसोटी कामगार दिनाला शोभते.

भिलाईत याहून अवघड एक गाठ आहे, आणि बाहेरच्या माणसाला ती चटकन कळत नाही. इथला रस्ता कुणाचा, हे पावलागणिक बदलते. दुर्गहून निघालेली गाडी जी. ई. रोडने भिलाईत आली, संध्याकाळी सेक्टरांत शिरली, तिथून रिसालीकडे गेली आणि रात्री चरोद्याला पोहोचली, तर एका रात्रीत तिने चार महानगरपालिकांची हद्द ओलांडली आणि मध्ये पोलाद कारखान्याच्या मालकीची जमीनही तुडवली. सेक्टरांतली जागा कारखान्याची, तिची व्यवस्था त्याच्या नगर सेवा विभागाकडे. पालिकेची पावती तिथे उपयोगाची नाही, आणि तिथली परवानगी सुपेल्यात कुणी विचारत नाही. या सगळ्यांत गाडीवाला प्रत्येक वळणावर नव्याने अपराधी ठरतो. कायद्यात रेल्वेच्या जागा स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. सार्वजनिक उद्योगांच्या वसाहतींसाठी तशी सूट नाही, आणि विक्रेत्याच्या व्याख्येत खासगी जागेचाही उल्लेख आहे. तेव्हा कारखान्याने आणि पालिकांनी एका मेजाभोवती बसून एकच ओळखपत्र काढावे, जे दुर्गपासून चरोद्यापर्यंत ओळखले जाईल, ही मागणी अवाजवी नाही. जे हात अखंड लांब रूळ लाटून देशाच्या कानाकोपऱ्यांतली गावे जोडतात, त्यांना पाच शेजाऱ्यांच्या मोहोरा एका कागदावर आणणे जड जाऊ नये.

पण ओळखपत्र म्हणजे जागा नव्हे. जागेचा प्रश्न आला की प्रत्येक शहरात भांडण होते, कारण रस्ता वाढत नाही आणि माणसे वाढतात. इथे आपण आपल्याच गावाकडे नीट पाहावे. एकाच यंत्रावर, एकाच भट्टीपाशी तीन पाळ्यांतली तीन माणसे आयुष्य काढतात आणि यंत्र कुणा एकाचे होत नाही. सकाळी सहाला येणारा दुपारी दोनला जागा सोडतो, जाताना हत्यारे जागच्या जागी ठेवतो, आणि येणाऱ्याला पाळीत काय घडले ते सांगून जातो. वाटून घेण्याची ही विद्या भिलाईने साठ-सत्तर वर्षे गिरवली आहे. रस्त्यालाही अशाच पाळ्या का लावू नयेत? सकाळी शाळेच्या कुंपणालगतचा जो पट्टा मुलांच्या रिक्षांसाठी मोकळा हवा, तो रात्री आठनंतर रिकामाच असतो. बँकेसमोरची वाहने संध्याकाळी जातात. आठवडी बाजाराचे मैदान सहा दिवस ओस पडते. परवाना जागेचा न देता वेळेचा द्यावा: अमुक पट्टा, अमुक वार, या तासापासून त्या तासापर्यंत. कायद्याच्या चौदाव्या कलमात याचे बीज आहेच. वेळ वाटून घेणाऱ्या विक्रेत्याने आपली वेळ संपताच रोज आपला माल उचलून न्यावा, असे ते सांगते. चाके असलेल्या गाडीला ही अट ठेल्याहूनही सोपी. सोदन सिंग यांच्या निकालातला तोल यात आपोआप सांभाळला जातो. हक्क राहतो, मालकी जन्मत नाही.

मालकी जन्मली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1995 साली तिथल्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली. हेतू उदात्त होता, गरिबाच्या भुकेची कणव त्यात होती. त्यासाठी रस्त्यांच्या कडेला, मोक्याच्या ठिकाणी जागा वाटल्या गेल्या. पुढे योजना थकली, अनुदान आटले, झुणका गेला आणि भाकरही गेली. जागा मात्र उरल्या. त्यांवर दुसरेच पदार्थ शिजू लागले आणि त्या परत घेण्यासाठी वर्षानुवर्षे तंटे चालले. अन्नासाठी दिलेली जमीन जमिनीसाठीच धरून ठेवली गेली. त्या दिवसांतली झुणका-भाकर ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना ही हळहळ अजून वाटते.

दुसरे टोक शिकागोत दिसते. 1 मेच्या स्मृतीचे मूळ ज्या शहरात, 1886 च्या आठ तासांच्या लढ्यात रुजले, त्याच शहराने फूड ट्रकसाठी नियम केला की कोणत्याही उपाहारगृहापासून 200 फुटांच्या आत गाडी उभी राहता कामा नये, आणि एका जागी दोन तासांहून अधिक थांबू नये. शिवाय तिचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र तिच्यावर बसवलेले असावे. 2019 साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायम केला. दुकानदार कर भरतो, भाडे भरतो, त्याची बाजू आहेच. आपल्या सेक्टरांतल्या बाजारातले दुकानदारही तीच तक्रार करतील आणि ती ऐकून घ्यावी लागेल. पण दोन तासांत तवा तापतो न तापतो तोच गाडी हलवायची असेल, तर त्या परवानगीला काय अर्थ उरला? नियमाचे माप खाणाऱ्याची सोय, चालणाऱ्याची वाट आणि आगीचे भय यांवरून ठरावे. शेजारच्या दुकानाच्या गल्ल्यावरून ते ठरू नये.

आगीचे भय खरे आहे, ते हलके मानून चालणार नाही. मेच्या दुपारी पत्र्याची बंद गाडी, तिच्यात गॅसचे सिलिंडर, उकळते तेल आणि बाहेर पंचेचाळिशीकडे झुकणारा पारा. यात निष्काळजीपणाला क्षमा नाही. सिलिंडर कुठे आणि कसे बांधावे, नळी किती जुनी चालेल, वारा खेळायला झडप कुठे हवी, अग्निशामक उपकरण हाताशी आहे का, हे वर्षातून एकदा कुणी जाणत्याने पाहिले पाहिजे. आणि भट्टीशी आयुष्य काढलेली निवृत्त माणसे ज्या गावात घरोघरी आहेत, तिथे अशा जाणत्यांची वाण पडू नये. तेलाचेही तसेच. तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांवर गेली की ते वापरू नये असा नियम 2018 पासून आहे, पण तेल मोजायचे साधन ठेल्यावर कुठून येणार? पालिकेच्या माणसाने ते घेऊन फिरावे, आणि आधी शिकवावे, मग दंड करावा. अहमदाबादच्या कांकरिया तलावाला 2018 मध्ये स्वच्छ रस्ता-खाद्य केंद्राचे मानांकन मिळाले, ते विक्रेत्यांना हाकलून मिळालेले नाही. नळाचे पाणी, सांडपाण्याची मोरी आणि कचऱ्याची जागा या तीन गोष्टी पुरवल्या की निम्मे नियम आपसूक पाळले जातात.

एक काळजी मात्र मनातून जात नाही, आणि ती सांगितल्यावाचून हा अग्रलेख अपुरा राहील. रंगीत दिव्यांची गाडी डोळ्यांना सुखावते. काजळलेला ठेला तसा सुखावत नाही. शहर सुंदर करण्याच्या उत्साहात गाड्यांसाठी फरशी घातलेली चौपाटी उभी राहावी आणि त्याच फरशीसाठी चाळीस वर्षे उभी असलेली मावशी चीला-फऱ्याच्या टोपलीसह उठवली जावी, असे घडता कामा नये. कायदा तिच्या बाजूने आहे. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाला हटवू नये, हटवायचेच तर तीस दिवसांची सूचना द्यावी, जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा, असे त्यात लिहिले आहे. दर पाच वर्षांनी नवी मोजणी करावी, नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, हेही लिहिले आहे. टोपलीतला वाफवलेला फरा संध्याकाळपर्यंत टिकतो, रात्रीपर्यंत नाही. जप्तीचा कागद दोन दिवसांनी सुटला तर सुटतो तो फक्त कागद. म्हणून पाळ्यांची वाटणी करताना पहिला मान टोपलीचा, मग ठेल्याचा, मग गाडीचा असावा. आपल्या घरी पंगत वाढताना लहान आणि थकलेली माणसे आधी बसतात, तोच रिवाज.

रायपूरला संग्रहालयाच्या आवारात गढकलेवा नावाचे ठिकाण आहे. बायकांचा बचत गट तिथे ठेठरी, खुरमी, अइरसे, मुठिया करतो आणि लोक आवडीने जाऊन खातात. भिलाईतल्या एखाद्या फूड ट्रकमधून मोमोच्या जोडीने ठेठरी का मिळू नये, आणि आपल्या बायकांच्या भजनी मंडळाने गणपतीच्या दहा दिवसांसाठी एखादी गाडी घेऊन थालीपीठ का लावू नये? सणासुदीचा, दहा दिवसांचा, स्वस्त आणि एका खिडकीवर मिळणारा परवाना ही मोठी गोष्ट नाही. कितीतरी हातांना त्याने पहिले धाडस मिळेल.

परवान्याच्या नूतनीकरणाला एक ठरलेली तारीख असावी, आणि ती 1 मे असावी असे आपल्याला वाटते. त्या दिवशी समितीने भर मैदानात, सर्वांसमक्ष, पट्ट्यांची आणि तासांची यादी वाचावी. ज्याने आपली पाळी वर्षभर स्वच्छ राखली त्याला ती पुन्हा मिळावी, ज्याची तक्रार आहे त्याने तिथेच उभे राहून सांगावी, आणि सगळ्यांनी मिळून बासी खाऊन घरी जावे. कामगार दिनाच्या भाषणांना आपल्या गावात तोटा नाही. या यादीच्या वाचनाने तो दिवस अधिक भरलेला वाटेल.

आज रात्री दहाला दुसरी पाळी सुटेल. फाटकाबाहेरच्या ठेल्यावर कढईतून आलूगुंडे निघत असतील, आणि थोड्या अंतरावर, कर्जाच्या पहिल्या हप्त्याचा हिशेब मनात घोळवीत, एखादी नवी गाडी दिवे लावून उभी असेल. त्या दोघांच्या मधल्या जागेत माणसे आपापल्या स्कूटर टेकवतील आणि घटकाभर बोलत राहतील. सत्तर वर्षांपूर्वी या गावाची आखणी करताना जी रेघ राहून गेली, ती त्या जागेतूनच काढायची आहे. तिला एक बादली पांढरा रंग पुरेल आणि एक दुपार.